पहिलटकरीण माहेरी येण्याआधी

धाकटीच्या वेळी डिंकाचे लाडू झाले, दुपटी शिवली, मालिशवाल्या मावशी ठरवल्या. बीपीचं यंत्र मात्र आणलं नाही. आता चुलतबहीण सातव्या महिन्यात येतेय, तर सगळ्यात आधी यंत्र. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको.

ती आली की माता बाल संरक्षण कार्ड मागून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर नाही, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. गोळीने शी काळी होते हे आधीच सांगा. पोरी घाबरून गुपचूप गोळ्या बंद करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर तपासलीय का बघा. धनुर्वाताची इंजेक्शनंही.

आता बीपी. रोज सकाळी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवायचं, मग मोजायचं आणि वहीत लिहायचं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, दोन्हींतला एक जरी गाठला तरी त्याच दिवशी डॉक्टर. १६० किंवा ११० दिसला तर गाडीच काढा.

डोहाळजेवणाला धाकटीला भरलेला हिरवा चुडा आठ दिवसांत मनगटात रुतला. बांगडी सरकवली की खाली लाल वळ. आत्या म्हणाली, "पोटुशीला सूज येतेच." मीही मान डोलावली. संध्याकाळी पावलं सुजतात, खरंय. पण हात आणि तोंड एकाएकी सुजलं तर बीपी मोजा. डोकं दुखतंय म्हणाली तेव्हा मी बाम चोळला. मोजायला हवं होतं. रात्री तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा दवाखाना गाठला. बीपी १७० वर. बाळ चौतिसाव्या आठवड्यात झालं, काचेच्या पेटीत राहिलं. बरगडीखाली दुखलं तर पित्त म्हणून सोडा पाजू नका. मोजा. ती "काही नाही गं" म्हणेल, तरीही मोजा.

बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर थांबायचं नाही. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

पिशवीत कार्ड, रिपोर्ट, आधार, कपडे. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

बाळंतपण झालं म्हणून यंत्र कपाटात ठेवू नका. नंतरही सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं. पहिले दहा दिवस तरी, बाळाला न्हाऊ घालायच्या आधी, आईचा दंड.