मस्टँगच्या डिकीत नवी मॅट घालताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घरोघरी मराठी ऐकू येतं, पण इथल्याच फोर्डच्या मेटचेन कारखान्यात १९६५ पासून मस्टँग बनत होत्या, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या काळच्या चासी नंबरात वर्षाच्या आकड्यानंतर 'टी' असेल तर गाडी इथली. कारखाना २००४ साली बंद झाला. गाड्या मात्र आसपासच्या गराजांमध्ये अजून आहेत, आणि शनिवार-रविवारी त्यांच्या डिकीची मॅट मूळ नमुन्याबरहुकूम करून देणं हा माझा बारा वर्षांचा छंद आहे. या बारा वर्षांत त्याच त्या चुका बघून जीव विटला, म्हणून लिहितोय.

पहिली चूक जीवघेणी आहे. नवी मॅट घडीतून निघाली की तिच्या कडा वर उचललेल्या असतात. घाईतला माणूस ड्रिल घेतो आणि स्क्रू मारून मोकळा होतो. पण १९६५-६६च्या मस्टँगमध्ये डिकीचा मधला पत्रा हा वेगळा तळ नाहीच, ती पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू आहे. टाकी वरून चौकटीत सोडलेली, कडेनं स्क्रू आणि फट बुजवणारं सीलंट, आणि त्यावर थेट मॅट. खाली १६ गॅलन, म्हणजे साधारण ६० लिटर पेट्रोल.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण असंच 'दहा मिनिटांचं काम' घरी करून माझ्याकडे आला. तक्रार अशी, की टाकी पूर्ण भरली की गाडीत वास येतो आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की थांबतो. दोघा मेकॅनिकांनी पाइप बदलले, झाकण बदललं, वास तसाच. मी मॅट उचलली. टाकीच्या मूळ स्क्रूंच्या आतल्या बाजूला चार नवे, चकचकीत स्क्रू दिसले आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. भोकं वरच्या बाजूला, म्हणून टाकी भरलेली असताना चढावर किंवा ब्रेक लागला की पेट्रोल तिथवर यायचं. या गाडीत डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये लोखंडी पडदा नसतो, नुसता जाड पुठ्ठा असतो. त्या सीटवर त्याची पाच वर्षांची मुलगी उन्हाळाभर बसत होती. टाकी नवीनच घातली. जुनीला डाग देण्याचा विषयही मी काढू दिला नाही.

मी डिकीच्या कामाला ड्रिल गराजबाहेरच ठेवतो. मॅट उलटी करून दिवसभर उन्हात टाकायची, रात्री कडांवर फळ्या ठेवायच्या. दोन दिवसांत ती सपाट होते. मूळ मॅटही नुसती अंथरलेलीच असायची. त्यामुळे सोल्युशन लावून चिकटवणंही चूकच, कारण खालचं सीलंट कधीतरी तपासावं लागतंच.

दुसरी चूक म्हणजे जुन्या मॅटवरून माप घेणं. पन्नास-साठ वर्षांत ती आकसलेली असते, तिच्यावरून कापलेली नवी मॅट चाकांच्या फुगवट्यांपाशी बोटभर तोकडी पडते. जुनी मॅट टाकून मात्र देऊ नका, मॅटवरच्या चौकड्यांच्या नक्षीचा आकार आणि रंग तिच्याशिवाय कुठे पडताळणार? माप मी पत्र्यावरच घेतो. तपकिरी कागद पसरून, कडा नखानं दाबत. मग कुलपाच्या खटक्यापासून पुढे सुतळी ताणून गाडीची मध्यरेषा आखतो आणि चौकड्यांची एक उभी रेघ तिच्यावर आणतो. कूपेच्या, म्हणजे दोन दारांच्या बंद छपराच्या मस्टँगच्या, मॅटवर चौकड्या असतात आणि त्या जराशा तिरक्या गेल्या तरी डिकी उघडताच डोळ्यांत खुपतात. कापताना सगळीकडे अर्धा इंच जास्त ठेवतो आणि तीन वेळा घालून-काढून छाटतो. नवशिक्यांना एका कापात काम हवं असतं, आणि तेच दुसऱ्यांदा कापड विकत घेतात.

जाड मऊ कार्पेट घालू नका. ते या गाडीचं नव्हे, आणि ओलं झालं की वाळत नाही.

शेव्हरलेवाल्यांसाठी एवढंच: डिकीच्या पत्र्यावर मारायचा ठिपक्यांचा रंग डबा हलवायच्या मशीनवर हलवू नका. ठिपके फुटून करडा चिखल होतो. काठीनं हळू ढवळा. तो रंग पाण्यातला असतो, उघड्या पत्र्यावर मारला तर आतून गंज धरतो, म्हणून आधी प्रायमर.

आणि पाणी तपासल्याशिवाय मॅट अंथरू नका. मी डिकीत वर्तमानपत्रं पसरतो, झाकण लावतो आणि दहा मिनिटं पाइपनं पाणी मारतो. कागद जिथं भिजला तिथून वर शोधत जायचं. बहुतेकदा टेललाइटच्या मागचं गॅस्केट गेलेलं निघतं, नाहीतर झाकणाचं रबर. टाकीच्या कडेचं सीलंट तडकलेलं दिसलं तर त्याच दिवशी भरून घेतो. मॅट पुढच्या शनिवारी.