आर्टिकलशिप करता करता सीए फायनलचा अभ्यास कसा बसवायचा

सीए इंटर म्हणजे फायनलच्या आधीची परीक्षा, तिचे दोन्ही ग्रुप निघाले की घरी पेढे वाटून होतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, दिवसभर ऑफिस केलं तर फायनलचा अभ्यास कधी करायचा. मी पुण्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधलं सक्तीचं प्रशिक्षण, केली तेव्हा ती तीन वर्षांची होती, 1 जुलै 2023 पासून नवीन स्कीममध्ये ती दोन वर्षांची झाली, आणि आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने निव्वळ अभ्यासाला मिळतात. ऐकायला हे सोपं वाटतं पण त्या सहा महिन्यांच्या भरवशावर दोन वर्षं पुस्तक न उघडणारी मुलं मी दरवर्षी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ही मुलं रोज ऑफिसात जे करत असतात तोच अर्धा सिलॅबस असतो, फक्त तसं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आधी फर्म निवडायचं बघू. नाव किती मोठं यापेक्षा काम काय मिळणार ते इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारा, म्हणजे ऑडिट, टॅक्स, जीएसटी तिन्ही हाताखालून जाणार का, की दोन वर्षं नुसती रिटर्न्सच भरायची. माझं मत विचाराल तर मध्यम आकाराची फर्म बरी, तिथे पहिल्याच वर्षी क्लायंटकडे पाठवतात आणि बॅलन्स शीट शेवटपर्यंत स्वतः बांधायला मिळते. आणि अंतर बघा! रोजचे दोन तास प्रवासात गेले तर अभ्यासाचे तेच दोन तास गेले असं समजा. रूम किंवा अभ्यासिका ऑफिसच्या जवळ घ्या, मेसचं जेवण जरा कमी चांगलं असलं तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट, डायरी. दोनशे पानी साधी वही घ्या आणि रोज ऑफिस सुटल्यावर फक्त पंधरा मिनिटं तीन गोष्टी लिहा, आज काय तपासलं, त्यात काय सापडलं आणि ते ऑडिट-अकाउंटिंगच्या कुठल्या स्टँडर्डमध्ये (ठरवून दिलेल्या नियमात) किंवा कायद्याच्या कलमात बसतं. तिसरी गोष्ट सुरुवातीला येणार नाही, ती जागा कोरी ठेवा आणि रविवारी मटेरियल उघडून भरा. माझी सवय कशी लागली ते सांगते. पहिल्याच महिन्यात एका कारखान्याची खरेदीची व्हाउचर्स माझ्याकडे होती, मी रक्कम जुळली की टिक, रक्कम जुळली की टिक असा सपाटा लावला होता, तर सीनियर ताईने त्यातलं एक बिल काढून उलटं केलं आणि समोर ठेवलं. बिलाची तारीख 29 मार्च आणि मागे गेटचा शिक्का 4 एप्रिलचा. माल पुढच्या वर्षात आला, खरेदी मात्र या वर्षात धरली आणि क्लोजिंग स्टॉकमध्ये, म्हणजे वर्षअखेरच्या शिल्लक मालात, तो माल नाही, म्हणजे नफा तेवढ्याने कमी दिसणार. कट-ऑफ, म्हणजे कुठला व्यवहार कुठल्या वर्षात धरायचा, हा शब्द मी इंटरला पाठ केला होता, कळला मात्र त्या दिवशी. सगळी फाईल परत केली मी, रात्रीचे नऊ वाजले, पण तेव्हापासून बिल उलटं करून बघितल्याशिवाय टिक केलेली नाही.

31 मार्चला स्टॉक मोजायला पाठवलं तर कंटाळा करू नका, ऑडिटच्या पेपरसाठी तो सोन्यासारखा दिवस असतो. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आम्ही आधी यादीवरून मालाकडे गेलो आणि मग मालाकडून यादीकडे, तर दुसऱ्या फेरीत कोपऱ्यात यादीत नसलेले तीन ड्रम निघाले. स्टोअरकीपर काका म्हणाले, "मॅडम, तो आपला नाही, जॉबवर्कला आलेला पार्टीचा माल आहे." जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर फक्त काम करून द्यायचं. मग चलन मागितलं, पार्टीकडून कन्फर्मेशन मागवायचं ठरलं, आणि एसए (ऑडिटिंग स्टँडर्ड) 501 व 505, म्हणजे स्टॉकची तपासणी आणि बाहेरून कन्फर्मेशन, एका दुपारीच डोक्यात बसले. एप्रिलमधल्या बँक ब्रांच ऑडिटचंही तसंच, 90 दिवस थकलं की कर्ज एनपीए म्हणजे थकीत धरायचा नियम वाचून लक्षात राहत नाही पण 31 मार्चला पैसे भरून 2 तारखेला परत उचललेलं एक खातं स्वतः शोधलं की आयुष्यभर विसरत नाही.

वेळापत्रकाचं बोलायचं तर नियमात आठवड्याचे 35 तास आहेत, पण सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची धावपळ असते तेव्हा जास्त बसावं लागतं हे धरूनच चाला आणि त्या महिन्यात नवीन चॅप्टर सुरू करायच्या भानगडीत पडू नका, फक्त डायरी चालू ठेवा. अभ्यासाचा खरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी सहा ते साडेआठ हे अडीच तास कुणाला देऊ नका, संध्याकाळवर भरवसा ठेवून माझे पहिले सहा महिने वाया गेले कारण क्लायंटकडून परत यायची वेळ आपल्या हातात नसते. सकाळी एफआर म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंग, कारण त्याला ताजं डोकं लागतं. डायरेक्ट टॅक्स आणि जीएसटी ऑफिसच्या कामासोबतच वाचा, म्हणजे ज्या आठवड्यात 2बी (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीच्या क्रेडिटचं स्टेटमेंट) जुळवताय त्याच आठवड्यात इनपुट क्रेडिटचा चॅप्टर, ज्या दिवशी टीडीएसचं लेजर बघताय त्या रात्री टीडीएस. मग वेगळं पाठांतर फार उरत नाही.

एसपीओएम म्हणजे सेल्फ-पेस्ड ऑनलाइन मॉड्यूल्स, त्याचे चारही सेट आर्टिकलशिप चालू असतानाच काढून टाका, ते पास झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही आणि शेवटच्या सहा महिन्यांत लॉ आणि कॉस्टिंगमध्ये अडकणं परवडत नाही. एका सेटला दीड-दोन महिने धरा आणि शांत महिन्यांतच तारीख घ्या.

सुट्ट्या नवीन स्कीममध्ये वर्षाला 12 मिळतात, लग्न-वास्तुशांतीत त्या कधी संपतात कळत नाही, म्हणून निम्म्या तरी परीक्षांसाठी बाजूला ठेवा. आणि सरांना आधी सांगा, आदल्या दिवशी नाही. एसपीओएमची तारीख ठरली की त्याच दिवशी सीनियरला आणि सरांना दोन्हीकडे कळवायचं आणि माझ्याकडची फाईल कोणाकडे देतेय तेही सांगायचं. आता माझ्या हाताखाली आर्टिकल्स आहेत म्हणून सांगते, महिनाभर आधी सांगणाऱ्याला सुट्टी नाकारायला मन होत नाही, पण सप्टेंबरच्या 28 तारखेला फोन बंद करून बसणाऱ्याचं काम दुसऱ्या कुणालातरी रात्रभर बसून करावं लागतं, आणि तोही तुमच्यासारखाच परीक्षा देणारा असतो.

आर्टिकलशिप संपताना ती डायरी घरी नेऊन माळ्यावर टाकू नका. सहा महिन्यांत ऑडिटचा प्रत्येक स्टँडर्ड वाचताना शेजारी ठेवा आणि मार्जिनमध्ये आपल्या क्लायंटचं उदाहरण एका ओळीत लिहा. माझ्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालावर प्रश्न आला होता, आणि लिहिताना माझ्या डोळ्यासमोर भोसरीचे ते तीन ड्रम होते.