ग्रह सूर्यावर का पडत नाहीत, हे मुलांना कसं दाखवावं

जुन्या मोज्यात बांधलेला टेनिस बॉल, दोन मीटर नायलॉनची दोरी, रिकाम्या पेनाची नळी आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणलेले मूठभर जाड वायसर (नट-बोल्टखालच्या लोखंडी चकत्या) एवढं पुरतं. दोरी नळीतून ओवा, एका टोकाला बॉल आणि दुसऱ्याला बॉलच्या साधारण तिप्पट वजनाचे वायसर बांधा. मध्ये वजन ठेवून ताणलेल्या कापडावर गोट्या फिरवायचा प्रयोग कृपया करू नका. घर्षणाने गोटी मंदावून मधल्या खड्ड्यात पडते आणि पोरं विचारतात, "सर, मग पृथ्वी सूर्यात कधी पडणार?"

नळी डोक्यावर धरून बॉल आडवा फिरवा. ठरावीक वेगाला वायसर खाली-वर न होता लोंबकळत राहतात. ते बॉलला सतत आत ओढतायत, हे दाखवा. इथपर्यंत कुणालाही जमतं.

खरी अडचण पुढे आहे. "दोरी सोडली तर बॉल कुठे जाईल?" असं विचारलं की बहुतेक हात थेट बाहेरच्या दिशेला जातात. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, केंद्रोत्सारी बल बाहेर ओढतं, दोन्ही सारखी म्हणून ग्रह फिरतो, हे मोबाईलवर जिथे-तिथे वाचून डोक्यात बसलेलं असतं. ते बाहेर ओढणारं बल फिरत्या चौकटीतल्या, म्हणजे बॉलसोबत फिरत बघणाऱ्याच्या, गणितापुरतं ठीक. पण मैदानात उभं राहून बघणाऱ्यासाठी दोन बलं खरंच सारखी असती, तर बॉल सरळ रेषेत निघून गेला असता. वळलाच नसता! हे नुसतं सांगून पटत नाही. हा टप्पा मलाही बराच काळ छळत होता, म्हणून सांगतो, बॉल सोडूनच दाखवा.

सगळ्या मुलांना शाळेच्या वरच्या गॅलरीत पाठवा, मैदानात कुणी नको. फक्कीने मोठं वर्तुळ आखून मध्ये उभे राहा. नळी आणि वायसर काढा, बॉल फक्कीत लोळवा आणि दोरीचं टोक हातात धरून फिरवा. बॉल समोर आला की सोडा. गॅलरीतून एकाने स्लो मोशनमध्ये टिपायचं. हात सुटायला किंचित उशीर होतोच, त्यामुळे जमिनीवरच्या पांढऱ्या डागावरून वाद घालू नका. व्हिडिओ दोरी सुटल्या क्षणी थांबवा आणि स्क्रीनवर पट्टी ठेवा. बॉल स्पर्शिकेवरून, म्हणजे वर्तुळाला त्या जागी नुसत्या टेकणाऱ्या रेषेवरून, सरळ गेलेला दिसतो. ग्रहाचंही तेच, ओढ नसती तर तो सरळ गेला असता.

आता पन्हाळ्यावर आडवी रोखलेली तोफ कल्पा. न्यूटनने अशीच डोंगरावरची तोफ कल्पिली होती. गोळ्याचा आडवा वेग कितीही असो, पहिल्या सेकंदात तो 4.9 मीटर खाली येतो. पृथ्वीचा पृष्ठभागही 7.9 किलोमीटर अंतरात तेवढाच खाली वळतो. म्हणून हवा नसेल, तर सेकंदाला 7.9 किलोमीटर वेगाचा गोळा पडतच राहील आणि जमिनीला कधीच टेकणार नाही. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून त्याहून साठपट लांब, त्यामुळे ओढ 3600 पट कमी. सेकंदाला तो किलोमीटरभर पुढे जातो आणि दीड मिलिमीटरहून कमी पडतो. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर पुढे जाते आणि सूर्याकडे जेमतेम 3 मिलिमीटर पडते. हे आकडे मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्या.

एक फरक मात्र सांगितल्याशिवाय वर्ग सोडू नका. वायसरांची ओढ दोरी लांबवली तरी तेवढीच राहते, सूर्याची अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा होते. त्यामुळेच बुध सेकंदाला सरासरी 47 किलोमीटर पळतो आणि नेपच्यून फक्त साडेपाचच्या आसपास.