श्वार्ट्‌झवाल्डच्या जंगलात ग्रॅव्हल सायकल: या चुका टाळा

एप्रिल लागला की जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर नव्या कोऱ्या ग्रॅव्हल सायकलींचे (खडीच्या रस्त्यांसाठीच्या, रुंद टायरच्या) फोटो यायला लागतात आणि पाठोपाठ विचारणा होते, "दादा, शनिवारी श्वार्ट्‌झवाल्डला जाताय का? आम्हीपण येतो." जरूर या. श्वार्ट्‌झवाल्ड म्हणजे 'ब्लॅक फॉरेस्ट', इथलं डोंगराळ जंगल. बायर्सब्रोन स्टेशनात उतरायचं आणि रूहस्टाइनच्या दिशेने चढायला लागायचं, यासारखं सुख नाही. लाकूड वाहण्यासाठी बांधलेले खडीचे रुंद रस्ते, तोंडाशी आडवा दांडा, आत गाड्यांना मज्जाव. तासन्‌तास हॉर्न कानावर पडत नाही. पण दर वर्षी माणसं नवी आणि चुका त्याच, हे बघून आता थकलोय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

टायर दगडासारखा टणक करणं

सगळ्यात जास्त माणसं या एका चुकीने पडलेली मी पाहिली आहेत. आपल्याला लहानपणापासून सवय अशी की हवा भरून झाली की अंगठ्याने टायर दाबून बघायचा. दबला नाही म्हणजे हवा चांगली. डांबरावर ते चालून जातं. खडीवर टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो आणि हवेत असलेला टायर जमीन धरू शकत नाही. थोडा मऊ टायर दगडाभोवती बसतो, तेव्हा कुठे पकड मिळते. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा आमच्याबरोबर होता. अंगाने तयार, चढावर सगळ्यांच्या पुढे. स्टेशनाबाहेर मी त्याचा टायर दाबून पाहिला तर जरासुद्धा दबेना. किती हवा आहे विचारलं, तर म्हणाला साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). म्हटलं, निम्मी काढ. त्याला निघायची घाई. "वर गेल्यावर काढतो, दादा." वर पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं, घामाने भिजलेल्या पाठी गारठत होत्या, कुणीच थांबायला तयार नव्हतं. मीही धरून बसलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. उतारावर तिसऱ्या वळणाला पानांखालच्या सुट्या खडीवरून त्याचं पुढचं चाक सटकलं. मनगट मोडलं.

माझ्या फोनला रेंज नव्हती, तरी 112 हा आणीबाणीचा नंबर लागला; तो नंबर जे नेटवर्क मिळेल त्यावरून जोडला जातो. पलीकडून पहिला प्रश्न, "नेमके कुठे आहात?" जंगलात पत्ता काय सांगणार? मागे एका फाट्यावर 'रेटुंग्सपुंक्ट'ची, म्हणजे मदतपथकाला जागा कळावी म्हणून क्रमांक दिलेली, पाटी मी पाहिली होती. पळत जाऊन तिच्यावरचा क्रमांक आणला, सांगितला आणि ॲम्ब्युलन्स खडीच्या रस्त्याने थेट आमच्यापर्यंत आली. तेव्हापासून माझी सवय आहे: अशी प्रत्येक पाटी दिसली की क्रमांक मोठ्याने वाचायचा. बरोबरचे कंटाळतात, पण वाचतो.

माझं वजन 74 किलो, टायर 42 मिलिमीटरचे, ट्यूबलेस. पुढे 28 पीएसआय, मागे 31. ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमला चिरडते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. मोठ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, म्हणून हातात मावणारा वेगळा डिजिटल मापक घ्या. कार्बनचे हँडल घेणारे लोक याला कचरतात, ते मला कधीच कळलेलं नाही.

फोनवरच्या रेषेमागे डोळे मिटून जाणं

ॲपने रेघ काढली म्हणजे वाट सायकलची आहे असं धरून चालू नका. बाडेन-व्युर्टेंबर्ग या इथल्या राज्याच्या वनकायद्याप्रमाणे दोन मीटरपेक्षा अरुंद पायवाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. खास सायकलसाठी खुल्या केलेल्या वाटांचा तेवढा अपवाद. श्वार्ट्‌झवाल्डच्या राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक: सायकलसाठी खुणा केलेले मार्ग सोडून दुसरीकडे वळायचंच नाही. हे उद्यान 2014 साली झालं, तेव्हा ते सुमारे 10,000 हेक्टरांचं होतं, तेही दोन वेगळ्या तुकड्यांत. आपण कधी आत शिरलो ते नवख्याला कळत नाही.

सुरुवातीच्या काळात मीही असाच फसलो. दुपार कलली होती आणि रेघ सांगत होती की डावीकडून उतरलं तर पाच किलोमीटर वाचतील. वाट हळूहळू निमुळती झाली, मग मुळं, मग लाल वालुकाश्माचे ओले धोंडे, मग सायकल खांद्यावर. खाली उद्यानाचा रेंजर भेटला. शांतपणे नकाशा दाखवला, कारण समजावलं आणि आलो तसं परत चढायला लावलं. पाच वाचवायला गेलो आणि सूर्य मावळेपर्यंत चढत राहिलो.

कारण मात्र पटलं. इथे आउअरहून नावाचा मोठा रानपक्षी आहे. घरटं जमिनीवर करतो, आणि हिवाळ्यात झाडांच्या सुयांवर जगतो. त्या खाण्यात ताकद एवढी थोडी असते की दोन-चारदा उडवून लावलं तरी त्याच्या जिवावर बेततं. वील्डर झे तळ्याभोवतीचं जंगल तर 1911 पासून राखलेलं आहे, तिथे कुऱ्हाड लागत नाही. अशा ठिकाणी आपली पाच किलोमीटरची घाई घेऊन घुसायचा आपल्याला काही हक्क नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता आदल्या रात्री मी मार्ग मोठ्या पडद्यावर पूर्ण बघतो, तुटक रेषेची वाट दिसली की बदलतो आणि फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घेतो.

उतारभर ब्रेक घासत राहणं

सतत हलका ब्रेक धरला की पॅड तापतात, चकचकीत होतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सोडतात. वळणाआधी सरळ रस्त्यावर जोरात दाबा, वेग उतरवा, वळणात सोडून द्या. हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवा. वरून पुरेसा जोर लागत नाही. आणि रस्त्यात आडवे पन्हळ येतात, पावसाचं पाणी बाजूला काढणारे, लाकडाचे किंवा लोखंडी. ते तिरके ओलांडू नका, काटकोनात घ्या, बूड सीटवरून उचलून.

बाकीचं थोडक्यात. दमलात म्हणून परतीला बी 500 हा वरचा हमरस्ता धरू नका. शनिवार-रविवारी तिथे मोटारसायकलींची रांग असते. त्यासाठी का जंगलात आलो?

गाड्या बंद असल्या तरी वनखात्याचे ट्रक येतात. आंधळ्या वळणावर उजवी बाजू सोडू नका, कानात काही घालू नका. चालणाऱ्यांना वाट आधी.

झाडतोडीची पाटी आणि पट्टी दिसली तर परत फिरा. शनिवारी माणूस दिसत नसला तरी अर्धवट कापलेलं झाड उभं असू शकतं. रचलेल्या ओंडक्यांवर फोटोसाठी चढू नका, ते घरंगळतात.

जोराचा वारा सांगितला असेल तर जाऊच नका. 26 डिसेंबर 1999 च्या लोथार वादळाने इथल्या डोंगरांवरची झाडं आडवी केली होती. शिवाय राष्ट्रीय उद्यानात वाळकी झाडं मुद्दाम उभी ठेवतात.

रविवारी दुकानं बंद. दोन बाटल्या पाणी आणि खाणं घरून घ्या. मी गूळपोळी नेतो. ती दोन दिवस टिकते आणि पिशवीत चुरा झाली तरी खाता येते.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघा. हा भाग गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या क्षेत्रात येतो. त्यावर लस आहे, तीन मात्रांची. ती उन्हाळ्याची वाट न बघता हिवाळ्यातच सुरू करा.