वर्गात इंटरनेट वापरताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की मला नव्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. "सर, व्हिडिओ मध्येच अडकला, मुलं गोंधळ घालायला लागली, अख्खा तास गेला." मी एकच विचारतो, आदल्या दिवशी व्हिडिओ कुठे बघितला होतात? उत्तर ठरलेलं: घरी, वायफायवर, लॅपटॉपवर.

देवगड-मालवण पट्ट्यातल्या शाळांत मी बरीच वर्षं शिकवतोय. वर्गात इंटरनेट आणलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच त्या चुका दर वर्षी बघतो, आणि त्यांची किंमत शिक्षक नाही, मुलं मोजतात. म्हणून हे लिहितोय.

नेटच्या भरवशावर तास उभा करणे

आमच्याकडे रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, असते आणि शाळा खाली वाडीत. २०२० मध्ये आमची मुलं मोबाइल घेऊन सड्यावर जाऊन बसायची. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा वीज आणि टॉवर दोन्ही गेले. इतकं बघूनही जुलैच्या धो धो पावसात "लाइव्ह दाखवतो" म्हणणारे शिक्षक मला भेटतात, तेव्हा राग येतो. एका फोनच्या हॉटस्पॉटवर आठ-दहा फोन जोडायचे आणि सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावायचा, हे चालणारच नाही.

माझी सवय सांगतो. रविवारी सकाळी तालुक्याच्या गावी जातो, तिथे नेट बरं असतं. आठवड्याला लागणारं सगळं तिथेच उतरवून घेतो. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये जो आशय उघडतो, तो डाउनलोड करून ठेवता येतो. २०१७ पासून हे ॲप आहे, तरी ही सोय कित्येकांनी वापरलेली नाही. विज्ञानासाठी फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचं संकेतस्थळ. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत आणि नव्या पद्धतीच्या प्रतिकृतींची फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. मराठी विकिपीडियासुद्धा किविक्स हे ॲप वापरून अख्खाच्या अख्खा संगणकावर ठेवता येतो.

सोमवारी शाळेत पोचलो की पहिलं काम म्हणजे फोन विमान मोडवर टाकून सगळं एकदा उघडून बघणं. जे उघडत नाही ते त्या आठवड्याच्या नियोजनातून काढतो. आणि लाईट गेली तर काय, याचं उत्तर फळा आणि खडू. तोच पाठ फळ्यावर कसा घेणार हे ठरलेलं नसेल तर प्रोजेक्टर लावूच नका.

गुगल फॉर्मला पेपर तपासायला लावून मोकळं होणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

सातवीची दहा गुणांची चाचणी मी गुगल फॉर्मवर घेतली. प्रश्न छोट्या उत्तरांचे, उत्तरसूची भरलेली, गुण लगेच दिसतील अशी सेटिंग. मुलांनी संध्याकाळी घरच्या फोनवरून सोडवली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. वर्गातली सगळ्यांत नीट अभ्यास करणारी. तिला चार गुण पडले होते आणि ते वडिलांनी फोनवर बघितले होते. ती हळूच म्हणाली, "सर, माजा उत्तर बरोबर आसा, मगे चूक कित्याक?"

मी तिचा फॉर्म उघडला आणि एकेक उत्तर वाचलं. महाराष्ट्राच्या किनारपट्टीची लांबी तिने जुन्या मोजणीप्रमाणे ७२० लिहिली होती. सूचीत मी तोच आकडा इंग्रजी अंकांत भरला होता. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी उत्तरं. दुसऱ्या एका मुलाने आकड्यापुढे "किमी" लिहिलं होतं, त्याचंही चूक. मोसमी वाऱ्यांची दिशा तिने "नैऋत्य" लिहिली होती, मी सूचीत "नैर्ऋत्य". एका उत्तरात "किनाऱ्या" हा शब्द होता. तो पडद्यावर तिचा आणि माझा अगदी सारखा दिसत होता, तरी चूक! हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले. "ऱ्या" हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे टाइप होतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण आतले संकेत वेगळे असतात आणि यंत्र संकेतच जुळवून बघतं.

हाताने तपासल्यावर तिला नऊ गुण मिळाले. मी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि वडिलांना घरी जाऊन भेटलो. तरीही पुढचे कितीतरी दिवस ती उत्तर यायचं तेव्हाही हात वर करत नव्हती. हे मला अजून बोचतं.

तेव्हापासून मराठीत छोट्या उत्तराचा प्रश्न मी यंत्राकडून तपासून घेत नाही. पर्यायी प्रश्न असतील तर ठीक. छोटं उत्तर हवंच असेल तर सूचीत एकाच प्रश्नाला चार-पाच बरोबर उत्तरं भरता येतात. दोन्ही अंक, एककासह आणि एककाशिवाय, शुद्धलेखनाचे चालणारे पर्याय. "बाकी सगळी उत्तरं चूक धरा" ही खूण मात्र करू नका. गुण दाखवण्याची सेटिंग लगेचची न ठेवता तपासल्यानंतरची ठेवा. अठ्ठावीस मुलांची दहा उत्तरं वाचायला फार वेळ जात नाही. तेवढाही वेळ द्यायचा नसेल तर चाचणी कशाला घेता, हा माझा सरळ प्रश्न आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

प्रश्नपत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ग्रुपवर टाकू नका, पालकांच्या फोनवर नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट उमटणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा.

सहा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावून मागे हजेरीपट भरत बसू नका. मी दर दीड-दोन मिनिटांनी थांबवतो आणि पुढे काय होईल ते मुलांना विचारतो.

विद्युत परिपथाची प्रतिकृती आधी दाखवू नका. आधी सेल, बल्ब, वायर मुलांच्या हातात द्या, बल्ब पेटला नाही म्हणून त्यांना धडपडू द्या. पडद्यावरचा बल्ब त्यानंतर.

मुलांच्या नावाने भराभर खाती उघडणं आणि त्यांचे चेहरे स्टेटसला लावणं बंद करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी असं सांगितलं आहे. पण कायद्याचं सोडा, आपल्या मुलाचा रडवेला फोटो गावभर फिरलेला कुणाला चालेल?

आणि एका महिन्यात दहा ॲप नकोत. प्रशिक्षणाहून आल्या आल्या सगळंच वर्गात ओतायची घाई नव्यांना असते. एक साधन घ्या, एक सत्र वापरा, त्याच्या खोडी कळू द्या.

पडद्यावर आलं म्हणजे खरं, असं मानणे

सातवीला भरती-ओहोटी शिकवताना मी एका संकेतस्थळावरून आमच्या बंदराच्या वेळा काढून फळ्यावर लिहिल्या. पौर्णिमेचा दिवस होता. पूर्ण भरती पहाटे पावणेसहाला, असं तिथे दिसत होतं. मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, "सर, माजी आवस त्या येळाक कालवां काढूक जाता." आवस म्हणजे आई. कालवं काढतात ओहोटीला. खडक उघडे पडल्याशिवाय ती काढणार कशी?

तिचं बरोबर होतं. संकेतस्थळ वेळ ग्रिनिचची दाखवत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं. त्यामुळे साडेपाच तासांची चूक झाली की भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच येते. एखादा मुलगा त्या आकड्यांवर विसंबून पुळणीवरून खडकांत गेला असता तर, या विचाराने मला घाम फुटला.

मग मी तो पाठच बदलला. आमच्याकडे जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यातूनच हा हिशोब आलाय. मुलांना महिनाभर एक वही ठेवायला सांगितली. चार रकाने: तिथीवरून काढलेली वेळ, घरच्यांनी सांगितलेली वेळ, संकेतस्थळावरची वेळ आणि जेटीच्या पायऱ्यांवर स्वतः बघितलेली वेळ.

हा उपक्रम घेणार असाल तर एवढं बघा. रकान्यांत वीस-तीस मिनिटांचा फरक येणारच, त्यावरच वर्गात बोला. फरक तासाच्या वर गेला तर आधी संकेतस्थळाची प्रमाणवेळ तपासा, मग बंदर कोणतं निवडलंय ते. दोन्ही बरोबर असेल तर वहीतली तिथी पंचांगाशी ताडून बघा, बहुतेक वेळा तिथेच एका दिवसाची चूक निघते. आणि पायऱ्यांवर मुलांना एकटं पाठवू नका, घरचं मोठं माणूस सोबत हवं.