एन3 झाली, पण फोन उचलवत नाही: ऑफिसातली जपानी कशी सुधारावी

जपानी क्लासला दोन-अडीच वर्षं घालवून एन3 (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पास झालेला माणूस जपानी टीममध्ये रुजू होतो, टेबलावरचा फोन वाजतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. यात त्याची चूक कमी, परीक्षेची जास्त. जेएलपीटीच्या एन5 ते एन1 या पाचही पातळ्यांत बोलण्याचा किंवा लिहिण्याचा पेपरच नाही. समोर आलेलं वाक्य ओळखायचं आणि योग्य पर्याय निवडायचा, एवढीच सवय लागलेली असते.

हा लेख एन4-एन3च्या आसपास असलेल्या आणि आयटी कंपनीत किंवा कारखान्यात जपानी लोकांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे. जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर एक मात्रा ओढायचा. ही मात्रा किती महत्त्वाची आहे ते शेवटी येईलच.

पायरी 1: आपल्याच कामातली जपानी गोळा करा

नवीन पुस्तक आणू नका. आपल्याला आलेले शेवटचे 30 मेल उघडा आणि ज्या वाक्यांची पुनरावृत्ती होते ती एका शीटमध्ये उतरवा. रकाने तीन: वाक्य, कोणी कोणाला लिहिलं, कशासाठी. मधला रकाना आळसाने सोडून दिला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण ग्राहकाने तुम्हाला लिहिलेलं वाक्य तुम्ही जसंच्या तसं ग्राहकाला परत लिहू शकत नाही. चाळीस-पन्नास वाक्यांत बहुतेकांचं रोजचं काम भागतं.

शब्द मात्र एकेकटे पाठ करू नका, कान्जीच्या (जपानीतल्या चिनी चित्राक्षराच्या) कुटुंबाने करा. ‘केन’ ही एकच कान्जी घ्या, म्हणजे तपासण्याची. तिच्यापासून केन्सा (तपासणी), तेन्केन (यंत्राची नियमित तपासणी), केन्शोऽ (पडताळणी), केन्शुऽ (माल तपासून ताब्यात घेणं) आणि केन्तोऽ (साधकबाधक विचार) असे पाच शब्द एका बैठकीत होतात. त्याच्या जोडीला शियोऽशो (स्पेसिफिकेशन), फुगुआइ (बिघाड, बग), नोऽकि (डिलिव्हरीची तारीख), मित्सुमोरि (कोटेशन) आणि गिजिरोकु (मीटिंगचं टिपण) हे शब्द आले की मेल वाचताना दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागत नाही.

पायरी 2: ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’

मराठी माणूस इथे हमखास घसरतो, म्हणून जरा थांबून बघू.

मराठीत साहेब हे कोणाशीही बोलताना साहेबच असतात. बाहेरच्याचा फोन आला तरी आपण “साहेब जागेवर नाहीत” असंच म्हणतो, “नाही” म्हणत नाही. जपानीत आदर माणसाला चिकटलेला नसतो, तो समोर कोण आहे यावर फिरतो. ऑफिसात तानाका साहेबांशी बोलताना ते तानाका-बुचोऽ (बुचोऽ म्हणजे विभागप्रमुख). ग्राहकाशी बोलताना तेच साहेब नुसते ‘तानाका’ होतात. ‘सान’ (नावानंतरचं आपलं ‘जी’) गळतं, क्रियापदंही नम्र होतात, कारण बाहेरच्यापुढे आपली सगळी कंपनी एका बाजूला उभी असते. हुद्दा सांगायचाच असेल तर तो नावाच्या आधी येतो: ‘बुचोऽ नो तानाका’. नावानंतर लावलेला हुद्दा म्हणजे आदर, आधी लावलेला म्हणजे निव्वळ माहिती.

याला एक अपवाद आहे. फोन तानाकांच्या घरून असेल, तर ते पुन्हा ‘तानाका-सान’ होतात आणि क्रियापदं आदराची. घरच्यांच्या दृष्टीने तिथे तानाका त्यांचे, आपण परके.

ही दिशा एकदा पक्की झाली की केइगोची (आदराच्या आणि नम्र भाषेची) क्रियापदं फार नाहीत. सुरुवातीला सहा जोड्या पुरतात. आधी समोरच्यासाठीचं, मग आपल्यासाठीचं रूप:

- बोलणं: ओस्शारु / मोऽसु
- करणं: नासारु / इतासु
- जाणं-येणं: इराश्शारु / माइरु (समोरच्याकडे जायचं असेल तर उकागाउ)
- असणं: इराश्शारु / ओरु
- पाहणं: गोरान नि नारु / हाइकेन सुरु
- खाणं-पिणं: मेशिआगारु / इतादाकु

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘ओमाचि शिते कुदासाइ’. कानाला हे अतिशय नम्र वाटतं. पण ‘ओमाचि सुरु’ हे स्वतःला खाली ठेवणारं रूप आहे, म्हणजे आपण पाहुण्यालाच नम्रपणे ताटकळायला सांगतो. बरोबर रूप ‘ओमाचि कुदासाइ’. तसंच ‘गोकाकुनिन शिते कुदासाइ’ नाही, ‘गोकाकुनिन कुदासाइ’. दुसरी चूक दोनदा आदर चढवण्याची: ‘ओस्शारारेरु’. ओस्शारु एवढं पुरे.

आता आपल्या बाजूची गोष्ट. मराठीने काही दारं आधीच उघडून ठेवली आहेत आणि क्लासमध्ये ती क्वचितच दाखवतात. ‘शिते मिमास’ म्हणजे शब्दशः ‘करून बघतो’. ‘काकुनिन शिते ओकिमास’ म्हणजे ‘तपासून ठेवतो’. ‘वासुरेते शिमाइमाशिता’ म्हणजे ‘विसरून गेलो’. आणि जे ‘~ते इतादाकु’ इंग्रजीतून शिकताना डोकं खातं, ते आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं: ‘झेरॉक्स काढून मिळेल’. ‘ओकुत्ते इतादाकेमास का’ म्हणजे ‘पाठवून मिळेल का’. मराठीतून विचार करा, वाक्याचा क्रमही आपोआप बरोबर येतो.

पायरी 3: फोन

फोनला स्क्रिप्ट लागते. पुढची वाक्यं कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. तीन रिंगच्या आत उचलायचा, उशीर झाला तर ‘ओमातासे इताशिमाशिता’ने सुरुवात. ऑफिसात ‘मोशिमोशि’ म्हणत नाहीत.

उचलल्यावर: ‘ओदेन्वा आरिगातोऽ गोझाइमास’, मग कंपनीचं नाव आणि ‘दे गोझाइमास’. समोरच्याने नाव सांगितलं की ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास’. त्याला आपण आयुष्यात पहिल्यांदा भेटत असलो तरी हेच.

साहेब जागेवर नसतील तर: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’. ते कुठे गेलेत, टॉयलेटला की दुसऱ्या ग्राहकाकडे, हे सांगायचं नसतं. मग ‘मोदोरिमाशितारा, ओरिकाएशि ओदेन्वा इताशिमास’ (आले की परत फोन करतो) आणि नंबर घेतल्यावर ‘फुकुशोऽ इताशिमास’ म्हणून तो वाचून दाखवायचा. वाचताना 4 म्हणजे ‘योन’ आणि 7 म्हणजे ‘नाना’. ‘शिचि’ म्हणालात तर फोनवर ते ‘इचि’ ऐकू जाऊ शकतं.

ऐकू आलं नाही तर ‘तुमचा आवाज येत नाही’ असं म्हणत नाहीत. ‘ओसोरेइरिमास गा, ओदेन्वा गा तोओइ योऽ देस’ म्हणायचं, म्हणजे ‘माफ करा, फोन जरा लांब वाटतोय’. दोष फोनचा, माणसाचा नाही. शेवटी ‘शित्सुरेइ इताशिमास’ म्हणून समोरच्याने ठेवल्यावर आपण ठेवायचा.

पायरी 4: मेल

जपानी मेलचा साचा ठरलेला आहे आणि तो मोडण्यात काही शौर्य नाही. विषय, कंपनी-विभाग-नाव, अभिवादन, आपण कोण, मुद्दा, शेवट, सही. माणसाच्या नावानंतर ‘सामा’, कंपनी किंवा विभागाच्या नावानंतर ‘ओन्चुऽ’, दोन्ही एकत्र कधीच नाही. अनेकांना पाठवायचा असेल तर ‘काकुइ’, त्याला पुन्हा ‘सामा’ जोडायचं नाही. बाहेरच्यांना ‘ओसेवा नि नात्ते ओरिमास’, कंपनीतल्यांना ‘ओत्सुकारेसामा देस’. ‘गोकुरोऽसामा’ हे वरच्याने खालच्याला म्हणायचं, साहेबांना कदापि नाही. ‘र्योऽकाइ शिमाशिता’ही साहेबांना किंवा ग्राहकाला टाळा, तिथे ‘शोऽचि इताशिमाशिता’.

विषयात काम आणि तारीख दोन्ही हवीत. नुसतं ‘ओनेगाइ’ (विनंती) लिहिलेला मेल गर्दीत हरवतो. मजकूर तीसेक अक्षरांवर तोडून पुढच्या ओळीवर न्या, दर तीन-चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा.

मुदत लिहिताना मराठी दगा देते. ‘शुक्रवारपर्यंत’ हा आपला एकच शब्द दोन कामं करतो. जपानीत ‘किन्योऽबि मादे’ म्हणजे शुक्रवार येईपर्यंत चालू राहणारं काम, आणि ‘किन्योऽबि मादे नि’ म्हणजे शुक्रवार संपायच्या आत उरकायचं काम. एक ‘नि’ राहिला की अर्थ बदलतो. ‘कोन्शुऽचुऽ’, म्हणजे ‘या आठवड्यात’, असं कोणी लिहिलं तर शुक्रवार की रविवार हे विचारूनच घ्या. वेळ लिहिताना ‘निहोन जिकान’ असा उल्लेख हवा: जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, तिकडचे संध्याकाळचे 6 म्हणजे आपले दुपारचे अडीच.

पायरी 5: आकडे

कोटेशनच्या मीटिंगमध्ये भाषा चांगली असलेलेही आकड्यांवर अडखळतात, कारण आपण लाख-कोटीत मोजतो आणि जपानी ‘मान’मध्ये, म्हणजे दहा हजारांच्या गठ्ठ्यांत. 1 लाख म्हणजे जुऽमान, 10 लाख म्हणजे ह्याकुमान, 1 कोटी म्हणजे इस्सेन्मान, 10 कोटी म्हणजे इचिओकु.

गोंधळ वाढवायला जपानी लोक स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर देतात, पण वाचतात चार-चारने. म्हणून स्वल्पविरामाकडे बघूच नका. 3,45,67,890 हा आकडा घ्या. उजवीकडून चार अंक सोडून रेघ मारा: 3456 | 7890. रेघेच्या डावीकडचं वाचून ‘मान’ म्हणा, मग उजवीकडचं: सान्झेन योन्ह्याकु गोजुऽरोकु मान, नानासेन हाप्प्याकु क्युऽजुऽ. रोज वीजबिलापासून फ्लॅटच्या किमतीपर्यंत पाच आकडे असे वाचले तर महिन्याभरात रेघ मारायची गरज उरत नाही.

तारखांत ‘योक्का’ (4 तारीख) आणि ‘योऽका’ (8 तारीख) यांनी भल्याभल्यांच्या मीटिंग हुकवल्या आहेत. तारखेबरोबर वार म्हणायची सवय लावा.

पायरी 6: मीटिंग आणि होऽरेन्सोऽ

समोरचा ‘हाइ, हाइ’ म्हणतोय म्हणजे त्याला पटतंय असं नाही, तो फक्त ऐकतोय. आणि ‘मुझुकाशिइ देस ने’ (अवघड आहे हो) हा बहुतेक वेळा नकारच. ‘केन्तोऽ शिमास’वर आशा ठेवू नका, तारीख मागा. ‘दाइजोऽबु देस’ आपण तर टाळाच. त्याचा अर्थ ‘हो, चालेल’ही होतो आणि ‘नको’ही.

एखादा मुद्दा कळला नाही तर मान हलवून पुढे जाऊ नका. आपल्याला समजलेलं आपल्या शब्दांत सांगून शेवटी ‘तो इउ निन्शिकि दे योरोशिइ देशोऽ का’ लावा, म्हणजे ‘असं समजलोय, बरोबर ना?’ हे एक वाक्य व्याकरणाच्या चार चुका झाकतं. उत्तर तिथल्या तिथे देता येत नसेल तर ‘मोचिकाएत्ते काकुनिन इताशिमास’. मीटिंगचं गिजिरोकु लिहायला कोणी नसेल तर स्वतःहून मागून घ्या. वरिष्ठ जपानी माणूस ते तपासून दुरुस्त करतो, म्हणजे फुकटची शिकवणी.

होऽरेन्सोऽ म्हणजे होऽकोकु, रेन्राकु, सोऽदान: अहवाल, कळवणं, सल्लामसलत. वाईट बातमी आधी आणि लवकर. क्रम असा: निष्कर्ष, कारण, आता काय केलंय, पुढे काय. ‘केत्सुरोन कारा मोऽशिआगेमासु तो, नोऽकि नि फुत्सुका ओकुरेरु मिकोमि देस’ (थेट निष्कर्ष सांगायचा तर डिलिव्हरीला दोन दिवस उशीर होईलसं दिसतंय). मग गेन्इन म्हणजे कारण, आणि ताइसाकु म्हणजे उपाय. कारखान्यात उपायांचे दोन भाग मागतात: आत्ता पुरता झान्तेइ ताइसाकु आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोऽक्युऽ ताइसाकु. पहिलाच लिहून पाठवलात तर मेल परत येणार. ‘होऊन जाईल’ या आपल्या लाडक्या उत्तराला इथे जागा नाही.

पायरी 7: रोजची वीस मिनिटं

अर्ध्या ते एक मिनिटाचा, लिखित मजकूर सोबत असलेला ऑफिसातला संवाद निवडा. एकदा नुसता ऐका, एकदा मजकूर बघत ऐका, मग त्याच्याबरोबर वाचा, मग मजकूर झाकून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने मागोमाग बोला, शेवटी स्वतःचं रेकॉर्डिंग करून मूळ आवाजाशेजारी ऐका. तोच संवाद आठवडाभर. रोज नवा घेतला तर कान तयार होतो, जीभ नाही. परीक्षेचं ध्येय हवंच असेल तर बीजेटी (बिझनेस जपानीची परीक्षा) बघा: ऑफिसातल्या प्रसंगांवर बेतलेली आहे, पास-नापास नाही, 0 ते 800 गुण आणि जे5 ते जे1+ अशा पातळ्या. अर्थात तीही प्रत्यक्ष बोलायला लावत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये काय शोधायचं? ‘त्सु’ आपल्याला सोपा, कारण चमच्यातला ‘च’ जिभेच्या टोकाशी तिथेच सुटतो. ‘कित्ते’मधलं थांबणंही आपल्याला ‘पत्ता’ म्हणून म्हणून ठाऊक आहे. चुकते ती स्वराची लांबी, कारण मराठीत ‘ओ’ छोटा की मोठा याने अर्थ बदलत नाही. ग्राहकाकडच्या सल्लागाराला जपानीत ‘कोमोन’ म्हणतात. त्यातला पहिला ‘ओ’ ओढून ‘कोऽमोन’ केलंत तर तो शब्द गुदद्वाराचा होतो. ओळख करून देण्याआधी एकदा रेकॉर्ड करून ऐका.