सुगीआधी जुने तळघर साफ करताना

नवा माल घरात येण्यापूर्वीचे कोरडे दिवस हे शेतावरील साठवणीचे तळघर उपसून काढण्यास सर्वांत सोयीचे असतात, कारण सारवलेल्या-धुतलेल्या भिंती पूर्ण वाळण्यास अवधी मिळतो. मात्र बराच काळ बंद राहिलेल्या तळघरात झाडू घेऊन उतरण्याआधी तेथील हवेचा विचार करावा. ओलसर धान्य, कुजलेले कंद आणि बुरशी प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो आणि वासावरून कळत नाही. दार व झरोके उघडे ठेवून, पंखा वर ठेवून पाइपने ताजी हवा तळापर्यंत सोडावी आणि वायुमापक मिळत असल्यास प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असेपर्यंत आत जाऊ नये. पेटता दिवा खाली सोडून हवा पारखण्याच्या जुन्या युक्तीवर भिस्त ठेवू नये. ज्योत टिकली म्हणजे हवा निर्धोक झाली असे नव्हे, आणि आत ज्वालाग्राही वायू असेल तर तीच ज्योत घात करते. एक जण उतरला तर दुसऱ्याने वरच थांबावे, आणि आतला कोसळल्यास त्याच्यामागे न उतरता मदत बोलवावी. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही दगावतात.

दुसरा धोका कोनाड्यांत असतो. लेबल गळून पडलेल्या औषधांच्या बाटल्या उघडून हुंगू नयेत, एकमेकींत ओतू नयेत आणि जाळू किंवा पुरू नयेत. त्यांच्या विल्हेवाटीबाबत कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा जुना डबा किंवा त्यांची राखाडी भुकटी आढळली, तर काम तेथेच थांबवून बाहेर पडावे. ओल लागताच त्यातून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून कोपरे नीट पाहिल्याशिवाय पाणी मारू नये.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडल्यास धुळीतून रोगजंतू श्वासात जातात. एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण शिंपडून पाच मिनिटे थांबावे, मग हातमोजे घालून पुसून घ्यावे. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. बुरशीचे धान्य जनावरांनाही घालू नये, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष शिजवूनही पुरते जात नाही.

किडीचा खरा मुक्काम भेगांत असतो. फळी आणि भिंत यांमधल्या सांदीत सुरीचे टोक फिरवल्यास कोंड्यासारखा भुगा आणि केसाळ कातींचे तुकडे बाहेर येतात. ती खापरा भुंग्याच्या अळ्यांची खूण असू शकते, आणि या अळ्या अन्नाविना वर्षानुवर्षे तग धरतात. हा भुगा बाहेर नेऊन जाळावा, पोपडे खरवडावेत, भेगा बुजवाव्यात, उंदरांच्या वाटेवरची सहा मिलिमीटरची फटसुद्धा तारेची जाळी व सिमेंट भरून बंद करावी आणि मगच चुना द्यावा. कळीचा चुना विरवताना तो थोडाथोडा पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. मिश्रण उकळून उडते, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा आणि भांडे प्लॅस्टिकचे नको.

चुना वाळल्यावर फरशीवर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. थेंब खालच्या बाजूस आले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस आले, तर बाहेरची दमट हवा थंड जागी येऊन निवते आहे, आणि अशा वेळी झरोके दुपारी बंद ठेवून रात्रीच्या थंड, कोरड्या हवेतच उघडावेत. जमिनीची ओल चढत असेल, तर त्या तळघरात धान्य ठेवण्याचा आग्रह आमच्या मते सोडून द्यावा. धान्याला कोरडेपणा लागतो, बटाट्यासारख्या कंदांना मात्र दमट गारवा मानवतो. तेव्हा अशी जागा कंदांना द्यावी आणि धान्य वरच्या कोठारात, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावे.